ब्रिज शिकायचंय? बोली नंतर, आधी हात मोजा

ब्रिज हा पत्त्यांचा डाव शिकायला बसलेल्या माणसाचा उत्साह बहुतेक वेळा एकाच ठिकाणी मावळतो, बोलीच्या तक्त्यापाशी. कोणीतरी हौसेने शिकवायला घेतं आणि पहिल्याच दिवशी सुरू करतं, "बारा पॉइंट असले तर हे बोल, पंधरा असले तर ते बोल, आणि भिडू दोन किलवर म्हणाला तर त्याच्याकडे किलवर असेलच असं नाही." ऐकणाऱ्याला अजून हात कसे करायचे हेच उमगलेलं नसतं. किती हात होतील याचा अंदाज तो कुठून बांधणार?

माझंही तेच झालं. दोन आठवडे तक्ते घोकले आणि पहिल्याच खऱ्या डावात सगळे एक्के-राजे सुरुवातीलाच वाजवून मोकळा झालो. उरलेले हात समोरच्यांनी सावकाश, चहा पीत पीत उचलले. म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे. आधी खेळ, मग मोजणी, बोली सगळ्यात शेवटी.

मांडणी

चार खेळाडू, बावन्न पानं, जोकर बाजूला. समोरासमोर बसलेले दोघे एकमेकांचे भिडू. चौघांना दिशांची नावं असतात: उत्तर-दक्षिण ही एक जोडी, पूर्व-पश्चिम दुसरी. वाटणारा डावीकडच्या खेळाडूपासून सुरुवात करून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे एकेक पान वाटतो, प्रत्येकाला तेरा. पुढच्या डावाला वाटणी डावीकडच्या खेळाडूकडे जाते.

पानं उचलली की आधी मोजा. तेराच आहेत ना? मग रंगवार लावा, एक काळा एक लाल असे आलटून-पालटून. चौकट आणि बदाम शेजारी ठेवले की घाईत चुकीचं पान पडतं.

शब्दांचा एक घोळ आधीच मिटवू. पत्त्यांत आपण 'हात' म्हणतो ते चौघांनी टाकलेल्या चार पानांना: "माझे सात हात झाले." इंग्रजी बोलणारे खेळाडू त्याला ट्रिक म्हणतात. तुमच्या हातातल्या तेरा पानांना या लेखात नुसतं 'पानं' म्हटलं आहे.

हात कसा होतो

हुकूम लावून खेळायचा कुठलाही डाव तुम्ही आधी खेळला असाल तर हा भाग चाळून पुढे जा. एकजण पान उतरतो, बाकीचे त्याच रंगाचं पान टाकतात, मोठं पान हात जिंकतं आणि जिंकणारा पुढची उतारी करतो. एक्का सर्वांत मोठा, मग राजा, राणी, गुलाम, दश्शी, असं करत दुर्रीपर्यंत. उतरलेल्या रंगाचं पान हातात असेल तर तेच टाकावं लागतं. नसेल तर काहीही टाका: हुकूम मारा, नाहीतर नको असलेलं पान फेका. हुकूम मारायची सक्ती नाही, वरचं पान टाकायचीही नाही. रंग असून दुसरंच पान टाकलंत तर मात्र तो 'रिव्होक', आणि त्याची भरपाई हातांनी करावी लागते.

एका डावात तेरा हात. कधी चारांपैकी एक रंग हुकूम असतो, कधी कुठलाच नाही. त्या दुसऱ्या प्रकाराला 'नो-ट्रम्प' म्हणतात. तिथे उतरलेल्या रंगातलं मोठं पान जिंकतं, आणि लांबलचक रंगातली शेवटची दुर्रीसुद्धा एक्क्याएवढी मोलाची ठरू शकते.

डमी

ब्रिजला इतर डावांपासून वेगळं करतो तो डमी. डाव खेळणारा असतो 'डिक्लेअरर'. त्याच्या डावीकडचा विरोधक पहिलं पान उतरतो, आणि ते पडल्यावर डिक्लेअररचा भिडू आपली तेराही पानं टेबलावर उघडी मांडतो: रंगांच्या रांगा, हुकूम असेल तर त्याच्या स्वतःच्या उजव्या हाताला. इथून पुढे या भिडूने गप्प बसायचं. दोन्हीकडची पानं डिक्लेअररच खेळतो. "डमीतून छोटी बदाम," असं त्याने म्हटलं की डमी ते पान टाकतो, एवढंच त्याचं काम.

म्हणजे सव्वीस पानं सगळ्यांना दिसतात: डमीची तेरा आणि ज्याची त्याची तेरा. उरलेली सव्वीस कुठे आहेत हे शोधत जाणं हाच खेळ. नशिबाचा वाटा उरतोच, पण थोडा.

पहिल्या बैठका बोलीशिवाय

नवशिक्यांसाठी 'मिनीब्रिज' नावाची एक फार सोयीची पद्धत आहे. ती महिनाभर तरी खेळावी असं माझं मत आहे, कितीही बालिश वाटली तरी.

आधी पॉइंट मोजायला शिका. एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १. एका रंगात १०, चार रंगांत मिळून ४०, म्हणजे सरासरीने प्रत्येकाच्या वाट्याला १० येतात. वाटणाऱ्यापासून सुरुवात करून प्रत्येकाने आपला आकडा मोठ्याने सांगायचा. बेरीज ४० आली नाही तर कोणीतरी चुकलंय, पुन्हा मोजा. ज्या जोडीकडे जास्त पॉइंट तिचा डाव, आणि त्या जोडीत ज्याच्याकडे जास्त तो डिक्लेअरर. दोन्ही जोड्यांकडे वीस-वीस आले तर पानं पिसून पुन्हा वाटा.

इथे डमी उतारीच्या आधीच उघडतो. डिक्लेअररने दोन्हीकडची पानं बघून ठरवायचं: हुकूम कुठला किंवा नो-ट्रम्प, आणि 'गेम' साधायचा की थोडक्यात समाधान मानायचं. गेम म्हणजे नो-ट्रम्पमध्ये ९ हात, बदाम किंवा इस्पिक हुकमात १०, चौकट किंवा किलवर हुकमात ११. दोघांचे मिळून पंचवीसेक पॉइंट असले तर नऊ-दहा हातांची आशा धरावी. हुकमासाठी दोघांची मिळून त्या रंगाची किमान आठ पानं असावीत, याला 'फिट' म्हणतात. तशी नसली तर नो-ट्रम्प.

एक डाव जवळून

तुम्ही दक्षिणेला बसला आहात. तुमची पानं:

इस्पिक: एक्का, ६, ३
बदाम: एक्का, राजा, ३
चौकट: राणी, गुलाम, १०, ६
किलवर: राजा, ७, २

समोर डमीत:

इस्पिक: राजा, ७, २
बदाम: ७, ५, २
चौकट: राजा, ९, ५, ३
किलवर: एक्का, ८, ५

तुमचे १७, डमीचे १०. नो-ट्रम्पमध्ये ९ हात करायचे आहेत. पश्चिमेने इस्पिकची राणी उतरली. आता हात आवरा आणि डमीतून पान मागायच्या आधी मोजा. विरोधकांना एकदाही हात न देता पक्के किती? इस्पिकचे दोन, बदामाचे दोन, किलवरचे दोन. सहा. चौकटीत एकही नाही, कारण एक्का बाहेर आहे. तीन हात कमी पडतात.

ते तीन येणार कुठून? चौकटीतूनच. राजा, राणी, गुलाम, दश्शी, नव्वी ही पाचही पानं तुमच्याकडे आहेत. एक्का एकदा बाहेर काढला की चौकटीचे तीन हात पक्के. सहा आणि तीन, नऊ. हिशेब बसला.

तर पहिला हात इस्पिकच्या एक्क्याने घ्या आणि लगेच चौकटीची राणी उतरा. एक्का पडला नाही तर गुलाम उतरा, तरी नाही पडला तर दश्शी. समजा पश्चिमेने एक्का मारला आणि पुन्हा इस्पिक उतरली. डमीतला इस्पिकचा राजा त्यासाठीच राखून ठेवला होता, तो घ्या. पुढे उरलेल्या चौकटी, बदामाचे दोन, किलवरचे दोन. नऊ झाले.

नवशिक्या काय करतो? सहा पक्के दिसले की सहाही आधी वाजवतो. भीती कळते, "नंतर मिळाले नाहीत तर?" पण त्याने तीन रंगांतलं कुलूप आपल्या हातांनीच उघडलेलं असतं. मग चौकट उतरली की पश्चिम एक्का मारून हाती राहिलेल्या इस्पिक वाजवायला लागतो, कारण आता त्या अडवायला तुमच्याकडे काहीच नसतं. सत्तावीस पॉइंट असून डाव बुडतो. राणी, गुलाम, दश्शी यांना आधी राबवायचं, एक्के-राजे पहाऱ्यावर ठेवायचे. चौकटीसारखे हात तयार करण्याला 'हात पिकवणं' म्हणू या. माझा तो पहिला डाव थोड्याफार फरकाने असाच होता.

हुकमाचा डाव

हुकूम असला की पहिला प्रश्न, विरोधकांचे हुकूम आत्ता ओढायचे की थांबायचं? बहुतेक वेळा ओढावेत, नाहीतर तुमच्या पिकलेल्या राजा-राणीवर कोणीतरी दुर्री मारतो. तुमच्या जोडीकडे आठ हुकूम असतील तर बाहेर पाच. ते तीन-दोन असे विभागलेले असण्याची शक्यता सुमारे ६८ टक्के, चार-एक सुमारे २८. म्हणजे साधारण तीन फेऱ्यांत काम होतं. फेऱ्या मोजू नका, बाहेरचे हुकूम मोजा: पाच होते, आत्ता दोन पडले, उरले तीन.

गंमत अशी की बाहेर सहा पानं असतील तर ती तीन-तीन पडतील असं सगळ्यांना वाटतं, पण तसं सुमारे ३६ टक्केच वेळा होतं. चार-दोन अशी विभागणी त्याहून जास्त वेळा, सुमारे ४८ टक्के.

थांबायचं कधी? डमीत एखादा रंग तोकडा असेल आणि तुमच्याकडे त्या रंगाची हरणारी पानं असतील, तर ती आधी डमीच्या हुकमाने मारून घ्या. हुकूम ओढून टाकलेत तर मारायला डमीत काही उरणार नाही.

फिनेस

डमीत इस्पिकचा एक्का आणि राणी, तुमच्याकडे दोन छोटी इस्पिक, राजा बाहेर. एक्का वाजवून राणी उतरलीत तर राजा ती खाणारच. त्याऐवजी स्वतःकडून छोटी इस्पिक उतरा. डावीकडच्याला डमीच्या आधी पान टाकावं लागतं. त्याने छोटं टाकलं तर डमीतून राणी लावा. राजा त्याच्याकडेच असेल तर राणी हात घेऊन जाते, उजवीकडे असेल तर राणी गेली. निम्मा-निम्मा संभव. मोठ्या पानांच्या दिशेने छोटं पान खेळायचं, ही यातली खरी गोष्ट. सरावाने हे इतकं अंगात मुरतं की पुढे विचार करावा लागत नाही. फक्त फिनेस दिसला म्हणून लगेच खेळू नका. दुसरीकडून शंभर टक्के हात मिळत असेल तर पन्नास टक्क्यांवर जीव कशाला टांगायचा?

आता बोली

डमी उघडा नसताना भिडूची पानं ओळखायची, यासाठी बोली. बोलीत आकडा आणि रंग एवढंच सांगता येतं. आकड्यात सहा मिळवायचे: '२ बदाम' म्हणजे बदाम हुकूम ठेवून आम्ही आठ हात करू. '७ नो-ट्रम्प' म्हणजे तेराही.

रंगांची चढती उतरंड अशी: किलवर, चौकट, बदाम, इस्पिक, सर्वांत वर नो-ट्रम्प. प्रत्येक नवी बोली आधीच्या बोलीच्या वर हवी. '१ इस्पिक'नंतर बदाम बोलायचे असतील तर '२ बदाम' म्हणावं लागतं. सात पायऱ्या गुणिले पाच, एकूण ३५ बोल्या. त्यांखेरीज तीन शब्द: पास, डबल, रीडबल. 'डबल' मुळात विरोधकांच्या बोलीवरची पैज आहे, "करून दाखवा." गुण वाढतात, दोन्ही बाजूंनी.

वाटणारा पहिला बोलतो. एखाद्या बोलीनंतर लागोपाठ तीन पास आले की तीच बोली करार ठरते, त्याला 'कॉन्ट्रॅक्ट' म्हणतात. चौघांनीही सुरुवातीलाच पास केलं तर डाव रद्द. जिंकणाऱ्या जोडीत तो रंग ज्याने आधी उच्चारला तो डिक्लेअरर, शेवटची बोली भिडूची असली तरी. या नियमावर सुरुवातीला हमखास वाद होतात.

सुरुवातीला पुरेल एवढी शिदोरी:

बारा-तेरा पॉइंट असतील तर बोली उघडा. बदाम किंवा इस्पिक पाच पानांचे असतील तर त्या रंगात. नसतील तर किलवर-चौकटीपैकी जो लांब त्यात. पानं समतोल असतील, म्हणजे ४-३-३-३, ४-४-३-२ किंवा ५-३-३-२ अशी, आणि पॉइंट १५ ते १७, तर थेट '१ नो-ट्रम्प'. काही जोड्या इथे १२ ते १४ धरतात. भिडूशी आधी ठरवून घ्या.

भिडूने उत्तर देताना बेरीज करायची. वरच्या डावात दक्षिण '१ नो-ट्रम्प' म्हणतो. उत्तरेकडे १०. पंधरा आणि दहा पंचवीस, सतरा आणि दहा सत्तावीस, काहीही असलं तरी गेम आहे. उत्तर सरळ '३ नो-ट्रम्प' म्हणतो, तीन पास, संपलं. चार शब्दांच्या या संभाषणात दोघांनी सव्वीस पानांचा अंदाज बांधला.

रंगाने उघडलं तर सोपी पद्धत अशी: भिडूने '१ बदाम' म्हटलं आणि तुमच्याकडे तीन बदाम आहेत, म्हणजे फिट सापडला. पॉइंट ६ ते ९ असतील तर '२ बदाम', १० ते १२ असतील तर '३ बदाम', त्याहून जास्त असतील तर '४ बदाम'. सहापेक्षा कमी असले तर पास. दोघांचे मिळून ३३ झाले तर बारा हातांचा 'छोटा स्लॅम', ३७ झाले तर तेरा हातांचा 'ग्रँड स्लॅम' विचारात घ्या.

बाकी संकेत, स्टेमन, ट्रान्सफर, ब्लॅकवुड, हे सगळं नंतर. तेरा पानांचे वेगवेगळे संच ६३,५०१ कोटींहून जास्त होतात, तेव्हा पाठांतराला तसाही अंत नाही.

गुण, थोडक्यात

सहाच्या वरच्या प्रत्येक हाताला किलवर-चौकटीत २० गुण, बदाम-इस्पिकमध्ये ३०, नो-ट्रम्पमध्ये पहिल्याला ४० आणि पुढच्यांना ३०. बोललेल्या हातांचे १०० झाले की गेम. म्हणून ३ नो-ट्रम्प, ४ बदाम-इस्पिक, ५ किलवर-चौकट. गेम बोलून केला तर ३०० बक्षीस, न बोलता केला तर ५०. दहा हात केलेत पण '२ इस्पिक'च बोलला होतात, तर गेम गेला. सगळी बोली या बक्षिसासाठीच असते. बोललेले हात कमी पडले तर प्रत्येकी ५० विरोधकांना. जोडी 'व्हल्नरेबल' असेल, म्हणजे त्या डावात तिची जोखीम वाढलेली असेल, तर गेमचं बक्षीस ५०० आणि दंड प्रत्येकी १००.

आजच्या ब्रिजची ही गुणपद्धत हॅरॉल्ड वँडरबिल्ट यांनी १९२५ मध्ये एका बोटीवरच्या प्रवासात घडवली. बोललं तरच बक्षीस हा त्या पद्धतीचा कणा आहे.

विरोधात बसल्यावर

निम्मे डाव तुम्ही विरोधक म्हणूनच खेळणार, आणि नवशिक्यांचे सगळ्यात जास्त हात इथेच गळतात. नो-ट्रम्पविरुद्ध पहिली उतारी सहसा आपल्या सर्वांत लांब रंगातलं वरून चौथं पान. सलग मोठी पानं असतील, म्हणजे राणी-गुलाम-दश्शी, तर त्यातलं वरचं. दुसऱ्या क्रमांकावर असाल तर लहान पान, तिसऱ्यावर असाल तर मोठं. हे ठोकताळे आहेत, पण सुरुवातीला दहातल्या आठ वेळा बरोबर ठरतात असा माझा अनुभव.

टेबलावर

भिडूला माहिती द्यायची ती फक्त बोलीतून आणि पानांतून. भुवई उंचावणं, उसासा टाकणं, 'पास' मुद्दाम ओढून म्हणणं, हे सगळं लबाडीत जमा होतं. तुमचे संकेत विरोधकांपासून लपवायचे नसतात. त्यांनी विचारलं तर बोलीचा अर्थ सांगावा लागतो. स्पर्धांमध्ये म्हणूनच तोंडाने बोलत नाहीत, पेटीतली बोलीची कार्डं टेबलावर मांडतात.

स्पर्धांत तोच डाव दुसऱ्या टेबलांवरही खेळला जातो, याला 'डुप्लिकेट' म्हणतात. तुमचे गुण तीच पानं मिळालेल्यांशी ताडले जातात, त्यामुळे "पानंच वाईट आली" ही तक्रार चालत नाही. तिथली एक सवय घरच्या खेळातही पहिल्या दिवसापासून लावून घ्या. हात झाला की चार पानं मध्ये गोळा करायची नाहीत. प्रत्येकाने आपलं पान आपल्याच समोर पालथं ठेवायचं, हात जिंकला तर उभं, हरला तर आडवं. डाव संपला की पानं त्याच क्रमाने पडलेली असतात. उलटी करून पाहिलं की कितव्या हाताला चौकट उतरायला हवी होती ते भिडूबरोबर शोधता येतं.